कर्तेपणाचे वाटेकरी

मोटारींची रॅली संपली की चषक चालकाच्या हाती जातो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे नाव येते आणि आपण म्हणतो, ‘अमक्याने रॅली जिंकली.’ हे वाक्य किती खरे आहे, हा प्रश्न वरवर खेळाचा वाटतो. मुळात तो कर्तेपणाचा, म्हणून धर्मविचाराचा प्रश्न आहे. एखादी कृती घडते तेव्हा ती कोणी केली असे म्हणायचे? गीतेच्या अठराव्या अध्यायाने याचे उत्तर पाच कारणे मोजून दिले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्म घडते ते या पाचांच्या मेळातून. जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो त्याची नजर कच्ची, असा तिथला निष्कर्ष. मराठवाड्याला हा अध्याय परका नाही. आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी तो मराठीत उलगडला, लातूरशेजारच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी ‘गीतार्णव’ ही प्रचंड टीका लिहिली. पण प्रवचनात हा विचार ऐकून मान डोलावणे सोपे असते. जिथे निकाल सेकंदाच्या दशांशात लागतो आणि चूक झाली तर माणूस मरतो, अशा ठिकाणी तो तपासून पाहावा. हौशी रॅली संघ हे तसे ठिकाण आहे. माझे म्हणणे असे की यशाचे श्रेय अनेकांत वाटले जाते आणि वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे येते. जबाबदारी मात्र कितीही जणांत वाटली तरी प्रत्येकाकडे पुरी उरते. पाच कारणांचा विचार या दोन्ही बाजूंनी वाचला नाही, तर अहंकार घालवण्याऐवजी तो अंग काढून घेण्याची पळवाट होतो.

आधी रॅली म्हणजे काय ते नीट पाहू. यात गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्याच्या एका तुकड्यावर, म्हणजे स्टेजवर, ठरावीक अंतराने एकेक गाडी सोडतात. स्पर्धा घड्याळाशी असते. अशा अनेक स्टेजची बेरीज करून निकाल लागतो. गाडीत माणसे दोन. स्पर्धेआधी दोघे तो रस्ता संथ वेगाने पाहून येतात. चालक प्रत्येक वळण, चढाची माथी, खड्डा, अरुंद पूल बोलून दाखवतो आणि सहचालक ते खुणांच्या भाषेत वहीत उतरवतो. स्पर्धेत हीच वही सहचालक हेल्मेटमधल्या माइकवरून वाचत जातो. चालकाला पुढचे वळण दिसत नसते. त्याला ते ऐकू येते, आणि ऐकलेल्यावर विश्वास ठेवून तो वेग कायम ठेवतो. एक ओळ सुटली की पुढच्या साऱ्या ओळी चुकीच्या ठिकाणी पडतात. वेळेचा हिशोबही सहचालकाकडे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ठरलेल्या नाक्यावर एक मिनिट उशिरा पोहोचले तर दहा सेकंदांचा दंड आणि एक मिनिट लवकर पोहोचले तर चक्क एका मिनिटाचा. घाईला उशिरापेक्षा सहापट मोठी शिक्षा देणारा हा खेळ आहे, हे त्याला नुसता वेडा वेग समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. स्टेजच्या मधल्या वेळात गाडी सर्व्हिस पार्कमध्ये येते. तिथे मिस्त्री आणि त्याचे मदतनीस मोजून दिलेल्या मिनिटांत वाकलेला सस्पेन्शन आर्म बदलतात, ब्रेकची हवा काढतात, गरज पडली तर गिअरबॉक्स उतरवतात. वेळ संपली की काम अर्धे असले तरी गाडी बाहेर काढावी लागते, नाहीतर दंड वाढत जातो. याशिवाय प्रत्येक फाट्यावर उभा असलेला मार्शल, रेडिओवर बसलेला स्वयंसेवक, रुग्णवाहिकेतला डॉक्टर, गाडीची छाननी करणारा तपासनीस, आणि ज्यांच्या शेताकडे जाणारा रस्ता काही तास बंद असतो ते गावकरी.

आता ती पाच कारणे या चित्रावर ठेवून पाहावीत. टीकाकारांनी अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता म्हणजे जीव, करण म्हणजे इंद्रिये असा सूक्ष्म अर्थ लावला आहे, आणि तो एका माणसाच्या आतल्या घडामोडीपुरता आहे. तोच आकार बाहेरच्या सामूहिक कर्मालाही लागू पडतो. रस्ता आणि गाडी हे अधिष्ठान. चालक हा कर्ता. हातातल्या पान्यापासून सहचालकाच्या वहीपर्यंतची सारी साधने हे करण. सर्व्हिस पार्कमधली धावपळ, नाक्यावरची नोंद, रेडिओवरचा निरोप या असंख्य हालचाली म्हणजे चेष्टा. आणि स्टेजवर अचानक आलेला पाऊस हे दैव. चालक यादीत आहे, पण पाचांतला एक म्हणून. हा आकार ओढूनताणून बसवलेला नाही, कारण गीता सांगितली गेली ती जागाच मुळी रथाची आहे आणि सांगणारा सारथी आहे. महाभारतात जयद्रथवधाच्या दिवशी घोडे थकले, बाणांनी जखमी झाले, तेव्हा भर रणात कृष्णाने त्यांना सोडले, त्यांचे बाण काढले, पाणी पाजले, खरारा केला. तोवर अर्जुन जमिनीवर उभा राहून शत्रूला थोपवत होता. त्या वेळी योद्धा सारथ्याचा राखणदार झाला होता. युद्ध संपल्यावर कृष्णाने अर्जुनाला आधी खाली उतरायला लावले, मग स्वतः उतरला, आणि रथ पेटून भस्म झाला. हा रथ इतके दिवस कोणामुळे टिकला होता, हे विजयानंतर उमगले. उलट बाजूला कर्णाच्या रथावर शल्य होता, त्याच्या कसबाबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण तो योद्ध्याचे मन खच्ची करत राहिला. सारथी बदलला की त्याच तोडीच्या धनुर्धराचे कर्म बदलते, हे महाभारतकाराला पक्के माहीत होते.

हौशी संघात हा प्रश्न अधिक उघडा पडतो. कंपनीच्या संघात प्रत्येकाला पगार मिळतो. श्रेय कोणाचेही असो, महिन्याचा हिशोब चुकता होतो. हौशी संघात तसे काही नसते. चालक बहुधा स्वतःच्या किंवा घरच्या पैशातून परवाना, प्रवेशशुल्क, टायर, रोल केज, आगरोधक कपडे यांचा खर्च उचलतो, आणि बाकीचे मित्र, भाऊ, ओळखीचा मिस्त्री म्हणून येतात. महाराष्ट्रात या खेळाची वस्ती मुख्यतः पुणे-नाशिककडे. पुण्याचे संजय टकले २०२५ च्या जानेवारीत सौदी अरेबियातल्या डकार क्लासिकपर्यंत पोहोचले. त्या स्पर्धेत जुन्या गाड्या ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने न्यायच्या असतात, म्हणजे सहचालकाच्या गणितावरच सारे अवलंबून असते. नांदेड-लातूरकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांना रॅलीपेक्षा जवळची स्पर्धा म्हणजे इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ पासून सुरू झालेली बाजा. तिथे इंजिन सर्वांना एकसारखे. सांगाडा, सस्पेन्शन, स्टिअरिंग मुलांनीच आखायचे आणि बनवायचे. शेवटी चार तासांची दमाची शर्यत. गाडीत जागा एकालाच, आणि ती गाडी घडवणारे हात मात्र कितीतरी. पण या मातीतला जुना हौशी संघ पाहायचा तर शंकरपट पाहावा. कासरा धुरकऱ्याच्या हाती असला तरी जोडी मालकाची, बैलांचा वर्षभराचा खुराक आणि मालिश घरातल्या कोणाची तरी, सुरुवातीला उसळती जोडी धरून ठेवणारे वेगळे, घड्याळ लावून बसणारे वेगळे. निकाल पुकारला जातो तो मालकाच्या आणि गावाच्या नावाने, आणि धुरकऱ्याचे नाव कधी मागे राहते. म्हणजे रॅलीत हाकणारा दिसतो आणि बाकीचे झाकले जातात, पटात मालक दिसतो आणि हाकणारा झाकला जातो. कर्ता कोण हे कर्माच्या स्वरूपाने ठरत नसून कोणाकडे पाहायची समाजाला सवय आहे यावर ठरते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

यावर पहिला आक्षेप असा की जीव धोक्यात घालतो तो चालक, म्हणून श्रेयही त्याचेच. मिस्त्रीने नट आवळले हे खरे, पण झाडावर आदळणार तो मिस्त्री नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. भीतीवर ताबा ठेवून स्टिअरिंग फिरवण्याची जागा दुसरा कोणी घेऊ शकत नाही, आणि सगळे सारखेच असे म्हणणे हा खोटा विनय होईल. पण एखाद्याची जागा दुसऱ्याला घेता येत नाही, यावरून ते काम त्याने एकट्याने केले असे सिद्ध होत नाही. शिवाय धोक्याचा निकष लावला तर तो सहचालकालाही तितकाच लागतो, किंबहुना जास्त. त्याच्या हाती तर स्टिअरिंगही नाही. १८ सप्टेंबर २००५ रोजी वेल्समधल्या जागतिक रॅलीत एस्टोनियाच्या मार्को मार्टिन यांची गाडी झाडावर आदळली; त्यांना फारशी इजा झाली नाही, पण त्यांचे ब्रिटिश सहचालक मायकेल पार्क जागीच गेले. मार्टिन यांची जागतिक अजिंक्यपदातली पूर्णवेळ कारकीर्द तिथेच थांबली. त्याच रॅलीत पुढे असलेले फ्रेंच चालक सेबास्टियन लोएब त्या दिवशी जगज्जेतेपद निश्चित करू शकत होते. अशा दिवशी तो मान नको म्हणून त्यांनी मुद्दाम वेळेचा दंड ओढवून घेतला आणि पहिला क्रमांक सोडला. फलत्यागाचे उदाहरण म्हणून हे नीट पाहण्यासारखे आहे. फळ त्यांच्या हाताशी आलेले होते. ते सोडण्याचा अधिकार त्यांना होता, म्हणून त्या सोडण्याला अर्थ आला. आणि सोडताना त्यांनी एक गोष्ट मान्य केली की प्रतिस्पर्ध्याच्या गाडीतला सहचालकही आपल्या कर्माचा वाटेकरी असतो. स्पर्धा ही एकट्याची असती तर दुसऱ्याच्या मरणाने स्वतःच्या जिंकण्याची चव बदलण्याचे कारण नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्म पाच कारणांनी घडते म्हटले की दोष कोणाचाच राहत नाही. चालक म्हणेल ब्रेक लागला नाही, मिस्त्री म्हणेल सुटा भाग खराब निघाला, दुकानदार म्हणेल कंपनी जाणे, आणि शेवटी सगळे मिळून दैवाकडे बोट दाखवतील. २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली सुरू असताना बंद रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि वेगात आलेल्या गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातले तिघे जण ठार झाले. रॅली रद्द झाली. बंद म्हटलेला रस्ता बंद राहिला नाही, ही त्या घटनेतली उघड गोष्ट. तो बंद ठेवण्याच्या कामात आयोजक येतात, स्वयंसेवक येतात, परवानगी देणारे येतात, बंदोबस्त येतो, गावात सूचना पोहोचवणारे येतात. जर जबाबदारी श्रेयासारखी वाटली जात असती, तर वीस जणांत ती विसाव्या हिश्शाची झाली असती आणि तीन जीवांचा जाब विचारायला पुरेसा मोठा तुकडा कोणाकडेच उरला नसता. पण आपली नीती असे मानत नाही, कायदाही मानत नाही. अनेकांच्या निष्काळजीपणातून अपघात झाला तर जखमी व्यक्तीला त्यांतल्या कोणाही एकाकडून पुरी भरपाई मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. ज्यांनी भरायची त्यांनी आपापसातला हिशोब नंतर करावा. पीडितापुढे प्रत्येक जण पूर्ण देणेकरी. रॅलीच्या नियमांतही हाच विचार आहे. अपघातग्रस्त गाडीने लाल ‘एसओएस’ फलक दाखवला की मागून येणाऱ्या पहिल्याच स्पर्धकाने थांबून मदत केलीच पाहिजे. अपघात त्याने घडवलेला नसतो, गाडी त्याची नसते, कदाचित तो त्या क्षणी पहिल्या क्रमांकावर असतो. तरी न थांबण्याचा अधिकार त्याला नाही.

पण इथे गीतेचीच एक अडचण समोर येते आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. त्याच अठराव्या अध्यायात, पाच कारणे सांगितल्यावर लगेच, ज्याला मीपणा उरलेला नाही तो मारूनही मारत नाही आणि बांधला जात नाही अशा आशयाचे विधान आहे. ते सरळ आचारनियम म्हणून घेतले तर कोणत्याही बेपर्वा चालकाला मोकळे रान मिळेल. माझे उत्तर असे की हे विधान स्वतःबद्दल कोणालाच वापरता येत नाही. ‘मला अहंकार नाही, म्हणून मला दोष नाही’ असे म्हणणारा त्याच वाक्यात अहंकाराची साक्ष देतो. स्वतःच्या बचावासाठी ज्या क्षणी ते पुढे केले जाते, त्याच क्षणी ते लागू होण्याची अट मोडते. उरते ते एवढेच: एकट्याने केले असे मानू नका. यादीतून कर्ता वगळलेला नाही, त्याचे एकटेपण काढून घेतले आहे. दैवाचेही तेच. पाच कारणांत ते शेवटचे आहे, आणि आधीची चार तपासल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. लातूर जिल्ह्याला हे कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता, तरी हजारो माणसे गेली, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्यांवर कोसळली. भूकंप दैव होता, भिंत दैव नव्हती. त्या भिंतींना दोषी ठरवावे असे नाही. उन्हाळ्यात गारवा देणारी ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती आणि धोका कोणाला ठाऊक नव्हता. पण एकदा ठाऊक झाल्यावर तशीच भिंत पुन्हा बांधणे हे दैवाच्या खात्यावर टाकता येत नाही. रॅलीतल्या मिस्त्रीला झिजलेला बोल्ट दिसला आणि तो गप्प राहिला, तर पुढचे वळण कितीही अवघड असो, दैव हा शब्द उच्चारण्याचा हक्क त्याने गमावलेला असतो.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे आणि मराठवाड्यात तो सर्वांत आधी यायला हवा. फळाची आशा धरू नका, हा उपदेश या देशात कोणाला केला गेला? ज्यांच्या हाती फळ येण्याची शक्यताच नव्हती त्यांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेकडे चातुर्वर्ण्याच्या समर्थनासाठी तत्त्वज्ञान पुरवणारा, बौद्ध क्रांतीविरुद्धच्या प्रतिक्रांतीचा ग्रंथ म्हणून पाहिले. पडद्यामागच्या माणसांचे कौतुक करणारे लेखन या टीकेपुढे सहज दोषी ठरते: मिस्त्रीला ‘तुझी सेवा निष्काम आहे’ म्हणून हार घालायचा आणि त्याचे नाव, पैसा, विम्याचे कवच मात्र द्यायचे नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच फलत्यागाची दिशा ठरवावी लागते. फलत्याग सांगायचा तो ज्याच्या हातात चषक आहे त्याला. ज्याच्या हातात पाना आहे त्याला आधी त्याचे फळ द्यायचे. मग ते सोडायचे की ठेवायचे हे तो ठरवील. या दिशेचा विचार आपल्या भागातल्या दोन परंपरांनी गीतेच्या टीकाकारांपेक्षा अधिक रोखठोकपणे मांडला. लातूरच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांत चर्मकार होते, नावाडी होते, दोर वळणारे होते. त्यांनी कायक म्हणजे श्रमालाच उपासनेचा दर्जा दिला आणि त्याच्या जोडीला दासोह ठेवला, म्हणजे कमाई समाजात वाटून देणे. श्रम पवित्र म्हणायचा आणि त्याची मिळकत दुसऱ्याने न्यायची, ही सोय त्यांनी ठेवली नाही. दुसरी परंपरा नांदेडची. १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी पाच जणांना अमृत दिले. त्यांत बिदरचे साहिबचंद होते, न्हावी समाजातले. मग गुरूंनी त्याच पाचांपुढे हात जोडून त्यांच्याकडून अमृत घेतले. १७०८ साली नांदेडला गोदावरीकाठी देह ठेवण्यापूर्वी त्यांनी गुरुपद कोणा एका वारसाला न देता ग्रंथाकडे सोपवले. ज्याच्याकडे सारा मान एकवटला होता त्याने तो स्वतःहून खाली आणला, आणि ज्यांना तो कधी मिळाला नव्हता त्यांच्यापुढे नमला. फलत्यागाची हीच योग्य दिशा.

एक वाटेकरी मात्र असा आहे की त्याला ना हार हवा, ना वाटा. आणि त्याच्यापाशी आपला सारा तर्क अडतो. पटातला बैल. रॅलीतली गाडी हे साधन आहे, ती मोडली तर खर्च होतो. बैल साधन म्हणून वापरला जातो, पण दुखतो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना मनाई केली. राज्याने २०१७ साली कायदा बदलला. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परंपरेचे समर्थक म्हणतात, बैल घरचा असतो, पोळ्याला त्याची पूजा होते, त्याचे नाव पुकारले जाते. हे सारे खरे असले तरी पुरेसे नाही. मिस्त्रीला संघ सोडून जाता येते, सहचालकाला वही मिटता येते. बैलाला नाही म्हणता येत नाही. ज्या वाटेकऱ्याला नकाराचा अधिकार नाही, त्याच्या वाट्याची जबाबदारीसुद्धा इतरांवर येऊन पडते, आणि ती श्रेयाच्या हिशोबात कधीच फिटत नाही. म्हणून पशुवैद्याची तपासणी आणि इजा करणाऱ्या साधनांवरची बंदी या गोष्टी सरकारी जाच म्हणून सोसायच्या नाहीत. आपल्या जोडीला संघातले मानणाऱ्याने त्या स्वतःहून मागायला हव्यात. ज्याला हे जड वाटते त्याने बैलाला वाटेकरी म्हणणे सोडावे आणि सरळ साधन म्हणावे. मग निदान पूजेचा आव तरी राहणार नाही.

शेवटचा आक्षेप विरक्तांचा. शर्यत ही मुळात रजोगुणाची करमणूक. तेल जाळायचे, धूळ उडवायची, आणि त्यात कर्तेपणाचे तत्त्वज्ञान शोधायचे कशाला? याला उत्तर असे की धर्मविचार पवित्र मानलेल्या कामांतच तपासला तर तो कधीच नापास होत नाही. देवळात सगळेच नम्र असतात. जिथे जिंकायची हाव खरी आहे, पैसा स्वतःचा आहे, मित्र दमलेले आहेत आणि घड्याळ चालू आहे, तिथे माणूस श्रेय कसे वाटतो आणि चूक कशी स्वीकारतो यावर त्याचा विचार खरा की तोंडपाठ हे ठरते. आणि जे रॅलीला लागू तेच लातूरच्या शिकवणी वर्गांना लागू, जिथे पहिल्या आलेल्या मुलाच्या छायाचित्राखाली खानावळवालीचे नाव कधी नसते. तेच ऑपरेशन थिएटरला, तेच शेतीला. फरक इतकाच की रॅलीत मधला पडदा पातळ आहे, म्हणून मागची माणसे लवकर दिसतात.

मग व्यवहारात काय करायचे? चषकावर सगळ्यांची नावे कोरणे चांगलेच, पण तेवढ्याने भागत नाही. नाव कोरले की श्रेयाची बाजू पुरी होते, जबाबदारीची उघडीच राहते. खरी कसोटी दुसरी आहे. गाडी सुटण्यापूर्वी संघातला सर्वांत धाकटा मदतनीस म्हणाला की चाकाचा आवाज बरोबर नाही, तर गाडी थांबते का? फाट्यावरचा मार्शल म्हणाला की गर्दी हटलेली नाही, तर स्टेज रद्द होते का, का पाहुणे आले आहेत म्हणून पुढे रेटली जाते? जिथे कोणाही एकाच्या ‘नाही’ने सारे थांबते, तिथे प्रत्येक जण कर्ता आहे असे म्हणता येईल, कारण प्रत्येकाकडे पुऱ्या जबाबदारीबरोबर पुरा अधिकारही आहे. जिथे थांबवण्याचा अधिकार एकाकडे आणि सोसण्याचे काम सर्वांकडे, तिथे पाच कारणांची कितीही पारायणे करा, कर्ता एकच उरतो आणि बाकीचे त्याची साधने होतात. माणसाला साधन होऊ न देणे, ही कर्तेपण वाटून घेण्याची पहिली अट आहे. ती पाळणारा संघ शेवटून पहिला आला तरी धर्माच्या हिशोबात त्याचे काही उणे राहत नाही.